चाळीस फुटी अंगाई

अंगाईचं पहिलं प्रूफ यंत्राबाहेर आलं आणि त्याची शाई वाळायच्या आत विद्याधर पाटण्यांच्या दुकानात पहिला दात पडला.

दात खालच्या पेठेतल्या एका गृहस्थांचा होता. ते मुलीच्या लग्नाचा फ्लेक्स न्यायला आले होते आणि त्यात विहीणबाईंचं नाव मोठं पडलंय एवढीच त्यांची तक्रार होती. दात पाडणारे धैर्यशील थोरात हे वरच्या पेठेच्या जत्रा मंडळाचे अध्यक्ष. दोघांत एका शब्दाचंही बोलणं झालेलं नव्हतं. दोघे शेजारी उभे राहून भिंतीला टाचलेलं प्रूफ बघत होते, इतकंच. राखी-निळा डोंगर, त्याच्या कुशीत टेकलेली पालखी आणि चहूकडून पालखीकडे वाहत येणाऱ्या बारीक रेघा. बघता बघता थोरातांची मान डोलू लागली. गृहस्थांनी पायानं ठेका धरला. मग थोरातांनी उजवा हात मागे नेला आणि शेजारच्या जबड्यावर असा काही आणला की गृहस्थ लग्नाच्या फ्लेक्सवर आडवे झाले, नेमके विहीणबाईंवर.

उठले ते टेबलावरची तीन फुटी स्टीलची पट्टी घेऊनच. ती त्यांनी थोरातांच्या कानावर आडवी मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा थोरातांचा गुडघा त्यांच्या पोटात होता. यंत्रापाशी वाकलेल्या विद्याधरनं उडी मारून प्रूफ उपटलं आणि उलटं धरलं. दोघे जागच्या जागी थांबले.

"माफ करा हं," थोरात म्हणाले.

"छे छे, माझंच चुकलं," म्हणत गृहस्थ प्रिंटरखाली दात शोधायला वाकले.

थोरातांनी कानाखालचं रक्त बोटावर घेऊन उजेडात बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. "पाटणे," ते म्हणाले, "हे तर चालतंय की ओ!"

आता हे काय चालत होतं, ते सांगायला हवं.

कुरवडीच्या भैरोबाच्या जत्रेत पूर्वी ट्रॅक्टरवर स्पीकरच्या भिंती रचून मिरवणूक निघत असे. खिडक्यांच्या काचा तडकत, म्हाताऱ्यांचे ठोके चुकत आणि या सगळ्याला परंपरा म्हणत. मग आवाजाचा नवा कायदा आला. बोलण्यापेक्षा मोठा आवाज निघाला की ट्रॅक्टर जप्त आणि अध्यक्ष आत. त्यानंतरच्या जत्रा फार वाईट गेल्या. लोकांना मिरवणुकीत स्वतःचेच विचार ऐकू येऊ लागले, आणि ते कुणालाच सोसेनात.

त्यावर तोड निघाली पुण्याच्या एका प्रयोगशाळेत. डॉ. सबनीस नावाच्या किडकिडीत गृहस्थांनी एक साधी गोष्ट हेरली होती. ओळखीचं गाणं मध्येच बंद केलं, तरी डोक्यात ते पुढे चालूच राहतं. त्या वेळी मेंदूचा ऐकण्याचा भाग खरोखरच काम करत असतो, कानात काही नसताना. सबनीसांनी विचार केला, की हा भाग कानावाचून चालतो तर त्याला डोळ्यातून का चालवू नये? रेघांमधलं अंतर, रंगांचा चढउतार आणि नजर चित्रावरून ज्या टप्प्याटप्प्यानं उड्या मारते ती लय, हे सगळं एखाद्या गाण्याच्या मापानं बेतलं तर चित्र बघताच गाणं डोक्यात वाजू लागतं. स्वच्छ, वाद्यांसकट. बाहेर मात्र चिडीचूप.

हे माप घ्यायला एक टोपी होती. ती घालून माणसानं गाणं ऐकायचं. यंत्र त्याला रेघोट्यांचे नमुने दाखवत राही आणि कोणत्या नमुन्यानं मेंदूतली नेमकी जागा पेटते ते टिपून घेई. त्यातून तयार होई तो साचा. नुसता साचा मच्छरदाणीसारखा दिसे, म्हणून त्यावर चित्र रचायला चित्रकार लागे. आणि एक पथ्य होतं, माहितीपत्रकात ठळक छापलेलं: टोपी घालणाऱ्याचं त्या गाण्याशी पूर्वीचं काही नातं नसावं. कारण गाणं आणि त्याच्याशी निगडित आठवण मेंदूत एकाच गाठीत असतात. गाणं ओढलं की आठवणही ओढली जाते. बघणाऱ्याला त्या माणसाची आठवण दिसत नाही, पण तिची धग लागते.

पथ्य वाचून दाखवल्यावर वरच्या पेठेची बैठक चिडली.

"म्हंजे आपल्या भैरोबाच्या गाण्याला परका माणूस बसवायचा?" थोरात म्हणाले. "पालखीला पहिला खांदा कुणाचा?"

"दौलूमामांचा!"

"सासनकाठीला पहिला हात कुणाचा?"

"दौलूमामांचा!"

"मग पहिली टोपी कुणाची?"

दौलूमामा खबाले हे पेठेचे मानकरी. सत्तरी ओलांडलेला, चुरगळल्या कानांचा जुना पैलवान. फेटा काढायला ते तयार होईनात, म्हणून टोपी खाली आणि तिच्यावर फेटा असा तोडगा निघाला. गाणं निवडलं होतं पालखी डोंगर उतरताना म्हणायची अंगाई:

*हळू उचला रं गडे, देवा लागला डोळा,*
*पांघराया अंगावर करा चांदणं गोळा.*

दौलूमामांनी डोळे मिटून ती सबंध ऐकली. खुर्चीचा हात तेवढा त्यांच्या मुठीत मोडून आला. वय झालंय खुर्चीचं, असं सगळ्यांनी ठरवलं.

विद्याधरनं त्या साच्यावर तीन महिने एकट्यानं, तुकड्यातुकड्यानं काम केलं. तो शिकलेला चित्रकार. कॉलेजात त्याच्या निसर्गचित्रांना बक्षिसं मिळाली होती, आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य गॉगल घातलेल्या वाढदिवसांत गेलं होतं. या चित्रात पहिल्यांदाच कुणाचा फोटो नव्हता. कोपऱ्यात त्यानं बारीक सही केली होती, आणि तिच्याखाली मोबाइल नंबर नव्हता. हे शेवटचं सुख कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं होतं.

दात पडल्याची बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती.

मंजिरी, त्याची बायको, हायस्कुलात विज्ञान शिकवायची. माहेर खालच्या पेठेतलं. तिनं माहितीपत्रक वाचून काढलं होतं. जेवायला वाढताना तिनं ताटात भाकरी आपटली.

"टोपी दौलूमामांना घातली?"

"मान त्यांचा आहे."

"अहो, त्यांच्या भावाचं काय झालं माहितीय ना तुम्हाला? ज्ञानूचं?"

माहीत सगळ्यांनाच होतं. दौलूमामा तरणे असताना तांबट चौकात दोन्ही पेठांच्या सासनकाठ्या भिडल्या. रेटारेटीत त्यांच्याच वरच्या पेठेची काठी, तो अख्ख्या बांबूचा उंच स्तंभ, ज्ञानूच्या डोक्यावर आली. त्या वेळी पालखी हीच अंगाई म्हणत उतरत होती.

"तो राग तुम्ही चाळीस फूट छापून चौकात टांगणार," मंजिरी म्हणाली. "आणि समोरून काठी घेऊन कोण येणार? माझा अभय. ऐकताय ना? माझा सख्खा भाऊ."

"थोरात म्हणतात, गाणं आपलं आहे. त्यांच्या पेठेला तितकंसं चढणार नाही."

"थोरातांचा कान कुणी फाडला मग?"

विद्याधरनं आमटी वाढून घेतली. "मी मऊ करतो चित्र," तो म्हणाला. "रंग उतरवतो. काळजी करू नकोस."

"शब्द द्या."

त्यानं दिला. भाकरीच्या घासाबरोबर, अगदी सहज.

दुसऱ्या दिवशी तो दौलूमामांकडे गेला. मामा अंगणात मुद्गल तेलानं पुशीत बसले होते. पुन्हा एकदा टोपी घाला, या वेळी काहीतरी चांगलं आठवत ऐका, अशी विनंती त्यानं बरेच आढेवेढे घेत केली.

"चांगलं म्हंजे?"

"ज्ञानूतात्या लहानपणी... कुठं खेळायला वगैरे..."

"त्याचं तोंड मला आठवत न्हाई, पाटणं." मामांनी फडकं पिळलं. "फोटू काढला नव्हता. ते गाणं लागलं की हाड फुटल्याचं ऐकू येतं. त्याचं म्हणून तेवढंच उरलंय माझ्यापाशी. ते बी काढून घेतोस व्हय?"

विद्याधर उठू लागला.

"मी काय म्हणून टोपी घातली, म्हाईतंय?" मामा म्हणाले. "वाटलं, चित्रात निघून जाईल. न्हाई गेलं. तुझं यंत्र नक्कल काढतंय, अस्सल हितंच ठेवतंय." त्यांनी छातीवर मुद्गल टेकवला. "टांगू नगंस बाबा ते."

दुकानात परत येऊन विद्याधरनं रंग खरंच उतरवले. डोंगर फिका झाला, रेघा मरगळल्या. चित्र आता दवाखान्यातल्या भिंतीसारखं दिसत होतं. गाणं दूरच्या रेडिओसारखं वाजत होतं, कुणाचंही वाईट न चिंतता. तो बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिला. मग त्यानं ते बंद केलं आणि पहिलं उघडलं. पहिलं फार सुंदर होतं. त्यात काडीचाही बदल करणं हा गुन्हा झाला असता, आणि विद्याधर पाटणे हा कायद्याला भिणारा माणूस होता. त्यानं छपाईचं बटण दाबलं.

"मऊ केलं?" संध्याकाळी मंजिरीनं विचारलं.

"केलं ना," तो म्हणाला, आणि ते एका अर्थी खरं होतं.

जत्रेच्या दिवशी भर दुपारी तांबट चौकात लोखंडी नळ्यांच्या परांचीवर चाळीस फुटी अंगाई चढली. विद्याधर परांचीच्या मागे उभा राहिला. मागून फ्लेक्स पांढराफटक असतो. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक असतं, त्याची जागा मागेच असते.

पालखी डोंगरावरून उतरली, आणि हजारो माणसं एका ठेक्यात, चकार शब्द न काढता नाचू लागली. फक्त पायताणं आणि श्वास. बंदोबस्तावरच्या फौजदारांनी आवाजाचं यंत्र वर धरलं, आकडा वाचला आणि थोरातांकडे बघून अंगठा वर केला. एकाही मिरवणुकीनं इतक्या कसोशीनं कायदा पाळलेला त्यांनी पाहिला नव्हता.

वरच्या पेठेची काठी चौकात आली. समोरून खालच्या पेठेची आली. दोन्ही बाजूंनी माना वर करून चित्र बघितलं.

पहिला नारळ कुणी मारला ते पुढे कधीच कळलं नाही. तो एका नाचणाऱ्याच्या कपाळावर फुटला आणि पाणी व रक्त मिळून खाली आलं. मग सगळीकडून नारळ आले. नारळ संपल्यावर गुलालाच्या परातींच्या कडा आल्या, मग कमरेचे पट्टे, मग दात. एका माणसानं दुसऱ्याचा अंगठा चावून तोडला आणि थुंकला, आणि तो दुसरा त्याचा व्याही होता. पूर्वी स्पीकरच्या भिंतीखाली कितीही हाडं मोडली तरी ऐकू येत नसत. आज प्रत्येक हाड वेगळं ऐकू आलं: मनगटाचं सुकं, बरगडीचं दबकं, नाकाचं ओलं. शिवी नाही, आरोळी नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच अंगाई चालली होती आणि तिचा ताल कुणी सोडत नव्हतं. ठोसेसुद्धा समेवर पडत होते.

एकटे दौलूमामा काठीला हात लावून शांत उभे होते. चित्राकडे बघत होते तेही. पण त्यांना त्यातून नवं असं काही मिळण्यासारखं नव्हतं.

परांचीच्या मागे नळ्या धरत कुणीतरी चाचपडत आलं. डोळ्यांवर फेटा घट्ट बांधलेला. कोपरातून हात वाकडा लोंबत होता.

"दाजी? हायसा का हितं?"

तो अभय होता.

"अरे, काय झालं हाताला?"

"जाऊ द्या हात. दोऱ्या कुठं कुठं बांधल्यात तेवढं सांगा. कापून टाकतो."

"कापून?" विद्याधर म्हणाला. "थांब जरा. अध्यक्षांना विचारतो."

"विचारा तुमी. तवर मी चढतो."

आणि तो चढला. डोळे बांधलेले, एक हात निकामी, दातात नारळ सोलायचा कोयता. विद्याधर खालून बघत राहिला. पहिली दोरी तुटली. दुसरी तुटली. वाऱ्यानं फ्लेक्स फुगला आणि डोंगर, पालखी, सही असा मधोमध टर्रकन फाटत खाली आला.

चौकात सगळे थांबले. उगारलेले हात वरच राहिले. जिथं अंगाई होती तिथं आता नुसतं आभाळ होतं. एका माणसानं दुसऱ्याच्या गळ्यावरची बोटं सैल केली आणि ओशाळून स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

वाटलं, संपलं. मग कुणीतरी म्हणालं, "आयला, माझं नाक!" आणि कुणीतरी उत्तर दिलं. आणि मारामारीला खरा रंग चढला तो तेव्हा. आता शिव्या होत्या, नावं होती, बांधाच्या भांडणाचे आणि मोडलेल्या सोयरिकींचे उल्लेख होते. ताल मात्र गेला होता.

अभय खाली उतरला. फेटा वर सारून तो घामाघूम हसला.

"फाटलं ओ दाजी तुमचं चित्र. पार मधोमध. माफ करा."

विद्याधरच्या हाताशी परांचीची एक सुटी नळी टेकवलेली होती. त्यानं ती उचलली आणि अभयच्या तोंडावर मारली. अभय खाली बसला. त्याला वाटलं, चुकून लागली. विद्याधरनं ती नीट दोन्ही हातांत धरली आणि पुन्हा मारली. मग पुन्हा. नळी पोकळ होती, तिचा दर वेळी घंटेसारखा नाद येत होता. दौलूमामांनी मागून येऊन त्याला उचलून बाजूला फेकलं नसतं तर तो थांबला असता की नाही, सांगता येत नाही.

चार माणसं मेली. अभयचा डावा डोळा गेला आणि जबडा तारेनं बांधावा लागला. आणि मग कुरवडीत एक विलक्षण गोष्ट घडली. कुणीही कुणाला दोष देईना.

"चित्रानं झालं," थोरात म्हणाले, हात गळ्यात बांधून.

"आपण काय आपल्यात होतो का?" खालची पेठ म्हणाली.

अंगठा चावणारा व्याही तुटक्या अंगठ्याच्या व्याह्याकडे जाऊन जेवून आला. फौजदारांनी आवाजाचा आकडा कायद्यात असल्याचं नोंदवलं. चित्रकाराला कुणी बोललं नाही, कारण त्यानंही स्वतःच्या मेव्हण्याला मारलं होतं. म्हणजे तोही चित्राचाच बळी. लोक विद्याधरच्या पाठीवरून हात फिरवू लागले. त्यानं फिरवू दिला.

आठवड्यानं चौकात सभा झाली आणि डॉ. सबनीसांना पुण्याहून बोलावलं, तुमच्या यंत्राचा दोष कबूल करा म्हणून. सबनीसांनी दोष कबूल केला. टोपीबद्दल पेठेनं पथ्य मोडलं हेही सांगितलं. मग ते चष्मा पुसत म्हणाले, "पण एक लक्षात घ्या. नजर हटली की परिणाम संपतो. चूळ भरायला लागतो तेवढा वेळ, जास्त नाही. पडद्यावरचं चित्र बंद करावं तसं. जत्रेचं जे चित्रीकरण मी पाहिलं, त्यात चित्र खाली आल्यानंतर मारामारी बराच वेळ चालू होती. चारही मृत्यू त्यानंतरचे आहेत. म्हणजे ते चित्रानं..."

त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. पहिली चप्पल वरच्या पेठेतून आली, पहिली वीट खालच्या. पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन पेठा त्या दिवशी पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून लढल्या. सबनीसांचं मनगट मोडलं आणि कवळी तिथंच राहिली. भिंतीवर कसलंही चित्र नव्हतं.

विद्याधर तेव्हा सभेच्या कडेला उभा होता. तिथून तो थेट दवाखान्यात गेला, कारण दुसरीकडे जायला पाय वळेनात.

मंजिरी अभयच्या उशाशी बसून पेज भरवत होती. जत्रेपासून ती विद्याधरशी लागेल तेवढंच बोलत होती. अभयनं उरलेला डोळा त्याच्याकडे वळवला आणि तारेतून शब्द काढले, "या दाजी. बसा."

"सबनीस काय म्हणाले, फोनवर कळलं मला," मंजिरी म्हणाली. "तुम्ही कुठं उभे होता?"

"अक्का, नको," अभय म्हणाला.

"कुठं उभे होता?"

"परांचीच्या मागे."

"मागून काय दिसतं?"

"पांढरं."

"पुढं आला होतात कधी? एकदा तरी बघितलंत?"

अभयनं पांघरुणाखालून हात काढून हलवला. "बघितलं असंल की. पडताना बघितलं असंल. आसंच झालं आसणार, अक्का. दाजींचा दोष न्हाई त्यात. सगळं गाव म्हणतंय."

ही वाट अभयनंच करून दिली होती, एका डोळ्यानं आणि बांधलेल्या जबड्यानं. विद्याधरनं फक्त मान हलवायची होती. सगळं गाव त्या वाटेनं घरी गेलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "बघितलं नव्हतं."

"मग मारताना काय ऐकू येत होतं तुम्हाला?"

"काही नाही. हा म्हणाला, चित्र फाटलं. तेवढंच." मग तो म्हणाला, "रंग मी उतरवले नव्हते. म्हणजे उतरवले होते. मग दुसरं छापलं."

अभयनं डोळा मिटला. "काय ओ दाजी," तो हळूच म्हणाला, "कशाला बोलायचं येवढं."

मंजिरीनं पेजेची वाटी स्टुलावर ठेवली. चमचा वाटीत ठेवला. पदर खोचला. मग पाण्याचा भरलेला पितळी तांब्या उचलून तिनं विद्याधरच्या तोंडावर मारला, आणि तो भिंतीला टेकून खाली घसरला तेव्हा वाकून आणखी एकदा मारला. पाणी आणि रक्त फरशीवरून पलंगाखाली गेलं.

आवाज ऐकून नर्स धावत आली. खाली बसलेला माणूस, चेपलेला तांब्या, पलंगावरचा पेशंट असं तिनं आळीपाळीनं बघितलं. कुरवडीत आठवडाभर चाललेल्या सवयीनं ती भिंतीवर कुठं चित्र लागलंय का तेही बघू लागली.

"काय झालं? काय झालं हे?"

मंजिरीनं तांब्या नळाखाली धरून स्वच्छ धुतला.

"मी मारलं," ती म्हणाली.